यंत्र आले, जात का गेली नाही?



काही दिवसांपूर्वी रविवारची वंदना आटोपल्यावर शेवगावच्या आमच्या वस्तीत चार मंडळी बोलत बसली होती. पुण्याकडील एका मोठ्या कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण सुटीत गावी आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, तुमच्या या सभा-मंडळांची आता गरज उरलेली नाही. आमच्या कारखान्यात कोणी कोणाची जात विचारीत नाही. यंत्राला जात कळत नाही. जिल्ह्यात आणखी दहा कारखाने निघू द्या, जात आपोआप नाहीशी होईल." हा तरुण शहाणा आहे, कष्टाळू आहे. त्याच्याच आग्रहावरून त्याच्या घरच्या मंडळींनी गेल्या अशोक विजयादशमीस धम्मदीक्षा घेतली. म्हणून त्याचे बोलणे पोरकट म्हणून सोडून देता येईना. दोघे-तिघे तर माना डोलावू लागले होते. त्याला त्या वेळी जे उत्तर देता आले नाही ते येथे देत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा विचार त्या तरुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोचलेला जुना विचार आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहिले. त्यांपैकी एका लेखात त्याने असे भाकीत केले की, आगगाडीच्या मागोमाग या देशात यंत्रोद्योग येईल आणि ज्या पिढीजात धंदेवाटपावर जातिव्यवस्था उभी आहे ते वाटपच त्यायोगे मोडून पडेल. मार्क्सविषयी हलके बोलणे आपणांस शोभणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या अवघे सोळा दिवस आधी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या दोघांचीच तुलना मांडली, ती त्या माणसाचा प्रश्न खरा होता म्हणूनच. तथापि भाकीत हे भाकीत असते. ते खरे ठरले की नाही हे तपासावे लागते, आणि तपासण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. आपला नगर जिल्हा, जो आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, तो त्या कामास पुरेसा आहे.

शेवगावला आजही रेल्वे नाही. दौंडहून नगरमार्गे मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तो आपल्याला बाजूला टाकून गेला. परंतु रेल्वे आली नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाचे यंत्रयुग आपल्या उंबऱ्यावर आले नाही, असे कोणी समजू नये. गोदाकाठच्या या काळ्या जमिनीत कापूस पिकतो. आजही ते या तालुक्याचे प्रमुख पीक आहे. आणि त्या शतकात कापसाएवढी जगभर फिरणारी दुसरी वस्तू नव्हती. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत, आणि अमेरिकेचा कापूस निग्रो गुलामांच्या घामावर पिकत असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे बंद झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सारा भार हिंदुस्थानच्या कापसावर पडला, भाव कित्येक पटींनी चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे कागदी भाग सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. दख्खनच्या शेतकऱ्याला वाटले, आपले दिवस पालटले. सावकारानेही हात सैल सोडला, कारण ज्या जमिनीत सोने पिकते तिच्यावर कर्ज देण्यास कोण कचरेल?

१८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळले, मुंबईच्या बँका बुडाल्या, आणि शेतकऱ्याच्या गळ्यात कर्जरोखा तेवढा उरला. वर सरकारने जमीनमहसुलाची नवी, वाढीव आकारणी लागू केली. दहा वर्षांत त्याचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. ती आग नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरली. सरकारने चौकशी मंडळ नेमले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला.

हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो. पण वाचताना एक प्रश्न विचारावयाचे राहून जाते. या साऱ्या उलथापालथीत आपले पूर्वज कोठे होते? ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्या नावावर रोखा होता, आणि ज्याच्या नावावर रोखा होता त्याला तो जाळता आला. महाराची गुलामी कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती, म्हणून ती जाळावयाची कशी? नव्हे, चुकलो. ती कागदावर होती, फक्त तो कागद सावकाराच्या पेटीत नव्हता, सरकारच्या दप्तरात होता. दंगे होण्याच्या एकच वर्ष आधी, १८७४ साली, मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला होता. वेसकरी करावी, सांगावा घेऊन गावोगाव पायी जावे, अंमलदाराच्या मुक्कामी रात्रंदिवस हजर राहावे, आणि त्याबद्दल तुटपुंजी जमीन व गावाच्या मर्जीवरचे बलुते घ्यावे, ही व्यवस्था त्या कायद्याच्या छत्राखाली तशीच राहिली.

या ठिकाणी थोडे थांबावे, असे मला वाटते. जे सरकार आगगाडी धावडवीत होते, ज्याच्या तारायंत्रातून क्षणार्धात मुंबईची बातमी कलकत्त्यास पोचत होती, त्याच सरकारला खेड्यातला निरोप पोचविण्यासाठी अनवाणी महारच हवा होता. का? यंत्र नव्हते म्हणून नव्हे. महार स्वस्त होता म्हणून. फुकटात मिळणारा माणूस असताना त्याच्या जागी पगारी शिपाई कोण नेमील? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले, त्याला विरोध झाला. कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. १८७४ ते १९५८ म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे. या मुदतीत मोटार आली, विमान आले, आकाशवाणी आली. वतन मात्र आपण मोडले तेव्हाच मोडले.

अमेरिकेच्या त्या युद्धातून दख्खनला कर्ज मिळाले, हे वर सांगितले. आणखी एक गोष्ट मिळाली, आणि ती कोणा सावकाराला जप्त करता आली नाही. त्या युद्धाअखेर, १८६५ साली, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाने ती बातमी कापसाच्या भावापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले होते. कापसाच्या ज्या व्यापाराने शेटजींना बंगले दिले, त्याच व्यापाराच्या वाटेने जोतीरावांना शूद्रातिशूद्रांची आणि निग्रोंची स्थिती एकच आहे हा विचार मिळाला. त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

विचारांचे हे येणे-जाणे आपल्या जिल्ह्यातूनही झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरला १८३१ साली पडले. तेथे मिस फॅरार या बाईंनी चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीरावांच्या मनात स्त्रीशिक्षणाची कल्पना बळावली, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८४८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनमध्ये मार्क्स आणि एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा छापून झाला, आणि ज्यांच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे ते नारायण मेघाजी लोखंडे त्याच वर्षी जन्मले. नगरच्या मिशननेच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. त्या पत्रात १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध छापला गेला. ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न त्या कोवळ्या वयाच्या मुलीने त्यात विचारला. त्याचे उत्तर नागपूरच्या मैदानावर मिळण्यास १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस उजाडावा लागला. छापखाना हे यंत्रच आहे, हे आमच्या त्या तरुणानेही ध्यानात घ्यावे. परंतु खिळे जुळविणाऱ्या यंत्राने तो प्रश्न विचारला नाही. तो मुक्तेने विचारला.

आता मुंबईकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढून ताडदेवला गिरणी उभारली, आणि १८५६ पासून तिच्यातून सूत निघू लागले. तेथून गिरण्यांची रांग लागली. कोकण, सातारा, पुणे आणि आपला नगर जिल्हा येथून माणसे पोटासाठी तिकडे निघाली. गिरणीत दिवे नव्हते तेव्हा सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आठवड्याची सुटी नव्हती. पगार हातात केव्हा पडेल याचा नेम नव्हता. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच त्यात होते. प्रौढ पुरुषाविषयी त्यात अक्षर नव्हते.

आणि तोही कायदा नको, असे म्हणणारे कोण होते, ठाऊक आहे काय? गिरणीमालक तर होतेच. पण राष्ट्राच्या नावाने लिहिणारी त्या काळची बहुतेक वृत्तपत्रेही होती. त्यांचे म्हणणे असे की, लँकेशायरच्या मालकांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको, म्हणून मजुरांची दया दाखवून ते हे कायदे करवून घेत आहेत. यात काही असत्य नव्हते. लँकेशायरवाल्यांचा स्वार्थ होताच. परंतु परक्या धनिकाचा स्वार्थ उघडा पाडताना घरच्या धनिकाचा स्वार्थ झाकून टाकावयाचा, आणि दोघांच्या भांडणात सात वर्षांच्या पोराने बारा तास उभे राहावयाचे, हे कसले राष्ट्रकारण? आजही जेव्हा उद्योग वाढावा म्हणून कामगारांचे कायदे सैल करा असे कोणी सांगतो, तेव्हा मला ही जुनी वृत्तपत्रे आठवतात.

या वेळी मजुरांच्या बाजूने उभा राहिला तो एक सत्यशोधक. नारायण मेघाजी लोखंडे हे एका गिरणीत भांडारपाल होते. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र बंद पडले होते, ते लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईतून पुन्हा चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या वाचल्या म्हणजे डोळ्यांत पाणी येते. रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत व्हावा. कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे पंगुत्व आल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. संपत्तीत वाटा कोणी मागितला नव्हता. श्वास घेण्यापुरती सवड मागितली होती. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेस दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी सर्वत्र आली, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचे किमान वय सातावरून नऊवर गेले.

बंधुभगिनींनो, आपल्या विहारातील सामुदायिक वंदना रविवारी होते. रविवारीच का, याचा आपण कधी विचार केला आहे काय? बौद्ध परंपरेत रविवारचे काही विशेष माहात्म्य नाही. तेथे महत्त्व पौर्णिमेचे, उपोसथाचे. आपण रविवारी जमतो, कारण त्या दिवशी कामाला सुटी असते, आणि ती सुटी या सत्यशोधकाने आणि त्याच्या अर्जावर सही-अंगठा करणाऱ्या साडेपाच हजार माणसांनी मिळविली आहे. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या.

एवढे ऋण मान्य केल्यावर एक कठोर गोष्टही बोलली पाहिजे. १८८४ च्या त्या मागण्यांत विणकाम खात्याच्या दाराचा उल्लेख नाही.

हे दार कसले? गिरणीत सूत कातण्याचे खाते वेगळे आणि कापड विणण्याचे वेगळे. विणकाम खात्यास गिरणीच्या भाषेत साचेखाते म्हणत. तेथे पगार सर्वांत चांगला. त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण असे सांगत की, धोट्यातील कांडीचा धागा तुटला किंवा कांडी बदलली म्हणजे धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागते, आणि ते तोंड लावून ओढले म्हणजे चटकन निघते. एका धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडे लागत. मग महाराचे तोंड ज्या धोट्यास लागले त्यास स्पृश्य विणकराने तोंड कसे लावावयाचे? कित्येक गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची व्यवस्थाही निराळी असे. साचा मँचेस्टरहून आला होता, त्याला चालविणारी वाफ इंग्लंडच्या शास्त्राने शोधून काढली होती, आणि त्या साच्यावर विटाळ मनूच्या काळाचा होता. यंत्राला जात नव्हती हे आमच्या तरुणाचे म्हणणे खरेच आहे. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला होती.

माझ्या आजोबांचे एक चुलते अशाच एका गिरणीत रिंग खात्यात होते. सारा जन्म त्यांनी सूत काढले. घरी असे सांगतात की, गावी येताना ते धोतरजोडी आणीत आणि ती देण्यापूर्वी कापडाचा काठ बोटांनी बराच वेळ चाचपून पाहत. सूत आपल्या हातचे असेल, पण विणणारा हात आपला नव्हे, हे ते कोणाला बोलून दाखवीत नसत. एकदाच म्हणाले म्हणे, "तिकडे आपल्याला जाऊ देत नाहीत." आमच्या घरात यंत्रयुगाचा इतिहास एवढ्या एका वाक्यात शिल्लक आहे.

परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिलेल्या बाबासाहेबांना हे दार ठाऊक होते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत कित्येक महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्याचे पुढारीपण कम्युनिस्टांकडे होते. सर्व जगातील कामगारांनी एक व्हावे असे सांगणाऱ्या त्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी विचारले की, विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? ती त्यात घातली पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. गिरणीमालकाने हे दार बंद केले नव्हते, ही यातील मर्माची गोष्ट आहे. मालकाला कापड हवे होते. ते कोणाच्या तोंडून निघते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. दार बंद केले होते ते शेजारच्या कामगारानेच.

मार्क्सच्या भाकिताची शेवटची परीक्षा आपल्याच लोहमार्गावर, नगरची गाडी जेथे जाऊन थांबते त्या मनमाडला झाली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. रेल्वेत आपल्या माणसाच्या वाट्यास काय येते, हे त्यांनी तेथे उघड करून सांगितले. रुळावर गँगमन म्हणून उन्हातान्हात राबावयाचे. त्याला हमालाचीही जागा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करवून घेतो, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? रेल्वेच्या कारखान्यांत कारागिराची जागा तर दूरच. ज्या आगगाडीने जात मोडावयाची होती, तिच्या फलाटावर पंच्याऐंशी वर्षांनंतर ही स्थिती होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथेच बजावले. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीचे लोक नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार होय, ही वृत्ती सर्व जातींत भिनलेली आहे, हेही स्पष्ट केले. दोन शत्रूंपैकी एकाशीच लढणारे पुष्कळ आहेत.

येथपर्यंत वाचून कोणी असे म्हणेल की, मग यंत्र नकोच, आपले खेडे बरे. असे म्हणणारेही आपल्यात आहेत, विशेषतः शहरातून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्याशी माझा मतभेद आणखी मोठा आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी असे दाखविले की, शेतीवर पोसली जाणारी वाजवीपेक्षा अधिक माणसे उद्योगधंद्यांकडे वळविल्याखेरीज शेतीचा प्रश्न सुटणार नाही. मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. त्यांना यंत्र हवे होते, धरणे हवी होती, वीज हवी होती. खेड्याच्या गोडव्यांचा तर त्यांनी संविधान सभेतच समाचार घेतला. शेवगाव-पाथर्डीच्या दुष्काळी शिवारातून दरसाल ज्या बैलगाड्या ऊसतोडीला निघतात, त्यांतल्या बायामुलांना जाऊन विचारा की, खेडे सुखाचे आहे की कायम पगाराची नोकरी?

म्हणजे यंत्र हवे, पण त्यावर विसंबून चालणार नाही. मग विसंबावयाचे कशावर? त्याचे एक उदाहरण आपल्या कुशीतच आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. शेजारच्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहे. 'दीनबंधु' काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव येथील पाटील घराण्यात दत्तक आले. त्यांनी १९१० साली 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले आणि १९६७ साली डोळे मिटेपर्यंत ते पत्र हाच आपला संसार मानला. त्या काळी वृत्तपत्र म्हटले की मुंबई-पुणे. तरवडीला रेल्वे नाही, वीज नाही, कागद बाहेरून आणावयाचा, वर्गणी वसूल व्हावयाची नाही, आणि तरीही ते पत्र खेड्यातून निघत राहिले. पुरोहिताविना लग्न कसे लावावे, कुलकर्ण्याच्या लेखणीने कुणब्याला कसे नागवले, मुलांना शाळेत का घालावे, हे सारे ते शेतकऱ्याच्या बोलीत सांगत असे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात पेटलेला विचार विसाव्या शतकात आपल्या शिवेपर्यंत कसा पोचला, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईत शेकडो यंत्रे असूनही विणकाम खात्याचे दार मिटलेले राहिले, आणि तरवडीत एका छापखान्याने कित्येक घरांची दारे उघडली. दोन्हीकडे लोखंडच होते. तफावत त्याला हात लावणाऱ्याच्या मनात होती.

आता पुन्हा त्या तरुणाकडे येतो. बाळा, तुझ्या कारखान्यात तुला कोणी जात विचारीत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण परत गेलास म्हणजे एवढे पाहा. शौचकूप आणि गटारे साफ करणारे लोक ठेकेदाराने आणलेले असतील. त्यांची आडनावे कोणती आहेत? माणसाकडून हाताने मैला साफ करविण्याविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले असताना, मैल्याची टाकी तुंबली की कोणाला बोलावतात? कायम कोण आहेत आणि ठेक्यावर कोण? ज्या खोलीत पगार आणि बढत्या ठरतात त्या खोलीत आपल्यातला किंवा आपल्यासारख्या समाजातला कोणी आहे काय? दुपारच्या डब्याला कोण कोणाच्या शेजारी बसते? उत्तरे तुझ्या मताप्रमाणे निघाली तर मी माझे म्हणणे मागे घेईन. पण ती मोजून आण, अंदाजाने सांगू नकोस.

आणि आपण सर्वांनी एक काम करावे, अशी माझी सूचना आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मिटल्या. भोंगे थांबले, चिमण्या पडल्या, जागेवर काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांपैकी दादरच्या इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या भव्य स्मारकासाठी मिळाली, हे आपण जाणताच. त्या स्मारकात पुतळा असेल, ग्रंथ असतील. तेथे काचेच्या पेटीत एक धोटाही ठेवावा आणि त्याच्याखाली तो तेथे का ठेवला आहे ते स्वच्छ मराठीत लिहावे, अशी मागणी आपण संबंधितांकडे केली पाहिजे. गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या स्मारकास त्या गिरणीतील दाराची आठवण नको काय?

पण तोवर थांबण्याचे कारण नाही. ज्या कुटुंबातील कोणी गिरणीत, रेल्वेत, लष्करी कारखान्यात किंवा विडीच्या कारखान्यात काम केले असेल, त्यांनी घरातील जुनी हजेरीपत्रे, पासबुके, ओळखपत्रे रद्दीत घालू नयेत. ती वाचवावीत, आणि म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवावे: कोणत्या साली गेले, कोणत्या खात्यात लागले, कोणत्या खात्यात जाऊ दिले नाही, पाणी कोठे पीत, सुटी केव्हा मिळे. आमच्या वस्तीतील विहारात यासाठी एक वही ठेवली आहे. पहिली नोंद माझ्या आजोबांच्या त्या चुलत्यांची आहे. खाते: रिंग. दुसरे खाते मागितले होते काय, या रकान्यात काय लिहावे याविषयी घरात थोडा वाद झाला. शेवटी माझ्या आतेने सांगितले तसे लिहिले: विणकाम, मागितले नाही, मिळणार नाही हे ठाऊक होते.